अकराशे शब्दांची वही आणि एक ‘चेष्टा’

वाचकाचं पत्र, थोडक्यात : वय बत्तीस. लहानपण इंदूरला. घरात मराठी, शाळा-कॉलेज हिंदी आणि इंग्रजीत. चार वर्षांपासून नाशिक जिल्ह्यात एका बँकेच्या शाखेत नोकरी. शाखेतल्या मोठ्या साहेबांच्या निरोप समारंभात हे उठून म्हणाले, “साहेबांनी आम्हा नव्या लोकांसाठी फार चेष्टा केली.” सगळा हॉल हसला, साहेबही हसले. त्या रात्रीपासून यांनी वही घातली. रोज शब्दकोशातले पाच अवघड शब्द, त्यांचे अर्थ, पाठांतर. सात महिन्यांत आकडा अकराशेच्या घरात गेला, पण बोलताना-लिहिताना त्यातला एकही आठवत नाही. बायको म्हणते, माझ्याबरोबर टीव्ही बघ, आपोआप येईल. यांना वाटतं, टीव्हीनेच मराठीची वाट लावली. एका सहकाऱ्याने जाडजूड कादंबऱ्या आणून दिल्या, पण पंधराव्या पानावर डोळा लागतो. प्रश्न असा की उच्च दर्जाची शब्दसंपत्ती रोजच्या पेपरातून आणि टीव्हीतून येऊ शकते का, की त्यासाठी वेगळा अभ्यासच करावा लागतो? आणि आता वय निघून गेलं आहे का?

सप्रेम नमस्कार.

आधी कबुली देते. तुमचं पत्र वाचताना मीही हसले. मग चष्मा पुसून पुन्हा वाचलं, तेव्हा लक्षात आलं की त्या दिवशी तुम्हाला शब्द कमी पडलाच नव्हता. ‘चेष्टा’ म्हणजे प्रयत्न हे हिंदीत बरोबर आहे. मराठीत तोच शब्द थट्टेच्या घरी दिला गेला. म्हणजे तुमच्याकडे शब्द होता, तो मराठीत काय करतो एवढंच ठाऊक नव्हतं. आणि औषध मात्र तुम्ही भलत्याच दुखण्याचं घेतलंत. अकराशे नवे शब्द पाठ केले तरी ‘चेष्टा’ जिथल्या तिथेच राहते, कारण तो तुमच्यासाठी नवा नव्हताच. माहीत असलेल्या शब्दाचा अर्थ कोण कोशात बघतो?

तुमच्यासारखे पुष्कळ आहेत. इंदूर, ग्वाल्हेर, बडोदा, जबलपूर इथून आलेले, आणि हल्ली तर पुण्या-मुंबईतच इंग्रजी शाळेत शिकलेले. हिंदीच्या अंगणात वाढलेल्यांना पहिली गरज असते ती दिसायला सारख्या पण वागायला वेगळ्या शब्दांच्या यादीची. ‘शिक्षा’ तुम्हाला माहीतच असेल, चार वर्षांत कोणीतरी सांगितलं असणार. पण ‘यातायात’ घ्या. हिंदीत ती रस्त्यावरची वाहतूक, मराठीत हेलपाटे आणि दगदग. हिंदीत ‘आपत्ती’ घेतात, म्हणजे हरकत घेतात. मराठीत आपत्ती कोसळते. ‘राजीनामा’ तिकडे कोर्टात दोन पक्षांत तडजोड झाल्यावर लिहितात, इकडे खुर्ची सोडताना. तुमच्या बँकेत कर्ज फिटल्यावर शेतकरी ‘बेबाकी दाखला’ मागायला येतो. पहिल्यांदा ऐकलंत तेव्हा काय वाटलं हो? हिंदीतला बेबाक माणूस बेधडक बोलणारा, आणि आमच्या सहकारी सोसायटीतला बेबाक माणूस म्हणजे ज्याच्याकडे दमडीचीही बाकी नाही तो. अशा शब्दांसाठी वहीचं शेवटचं पान राखून ठेवा. ते भरायला कोश लागणार नाही. कोणी हसलं, कोणी भुवई उंचावली की लिहायचं.

आता त्या ‘उच्च दर्जा’बद्दल. तुम्ही वहीतले काही शब्द पत्रात दिलेत : किंकर्तव्यमूढ, व्यामिश्र, अनाकलनीय, दुर्दम्य. मी अठ्ठावीस वर्षं मुद्रितशोधनाचं काम केलं. ‘किंकर्तव्यमूढ’ माझ्या टेबलावर आला तो बहुतेक वेळा काटण्यासाठीच. शब्द वाईट नाही, पण कर्जाच्या फाइलवर शेरा लिहिताना किंवा सासूबाईंशी बोलताना तो कुठे वापरणार? अवघड शब्द म्हणजे लांबलचक संस्कृत शब्द, ही समजूत शाळेतल्या निबंधांनी करून दिलेली आहे. माझ्या लेखी चांगला शब्द तो, ज्याच्याऐवजी दुसरा वापरायचा झाला तर अख्खं वाक्य खर्च करावं लागतं.

उदाहरणार्थ ‘वाफसा’. तुमच्या शाखेत जूनमध्ये हा शब्द दिवसातून दहा वेळा उच्चारला जात असेल. पाऊस पडून गेला, पाणी जिरलं, आता जमिनीत चिखल नाही आणि कोरडही नाही. मूठभर माती दाबली तर गोळा होतो, पण हाताला चिकटत नाही, आणि खाली टाकला की फुटतो. ही जी पेरणीजोगी अवस्था, तिला वाफसा म्हणतात. जमीन वाफशावर येते, वाफसा होतो, वाफसा नसताना औत घातलं तर ढेकळं निघतात. कर्ज मागायला आलेला माणूस “अजून वाफसा नाही साहेब” म्हणतो, तेव्हा तो तुम्हाला हप्त्यांचं सगळं वेळापत्रक दोन शब्दांत सांगत असतो. इंग्रजीत हे सांगायला मला तरी एक परिच्छेद लागेल. असे शब्द तुमच्या काउंटरवर फुकट येतात आणि तुम्ही घरी जाऊन ‘व्यामिश्र’ पाठ करता. द्राक्षवाल्यांना एकदा विचारा, एप्रिलमधली खरड छाटणी आणि ऑक्टोबरमधली गोडी छाटणी यांत फरक काय. शब्दही मिळेल आणि चहाही.

तरीही तुमचा मूळ प्रश्न उरतो : वाचलेले, ऐकलेले शब्द तोंडात का येत नाहीत?

मी नोकरीला लागले तेव्हाची गोष्ट सांगते. एका बातमीत मी दुरुस्ती म्हणून लिहिलं, ‘या वृत्ताला पोलिसांनी दुजोरा केला.’ आमचे ज्येष्ठ मुद्रितशोधक पान हातात घेऊन माझ्या टेबलाशी आले. लाल शाईने ‘केला’भोवती गोल काढला आणि म्हणाले, “दुजोरा देतात, पोरी. इन्कार करतात.” बस, एवढंच. त्या गोलाने मला जेवढं मराठी शिकवलं तेवढं कुठल्याही यादीने शिकवलं नाही. दुजोरा मला माहीत होता, अर्थासकट. त्याचं क्रियापद माहीत नव्हतं. मराठीत नाम पाठ करून निम्मंच काम होतं, कारण ते ठरावीक क्रियापदाच्या आधाराने उभं राहतं. न्यायालय ताशेरे ओढतं. तिढा पडतो, तोडगा निघतो. कामाला खीळ बसते, प्रश्नाला वाचा फुटते, निर्णयावर शिक्कामोर्तब होतं, नेता एखाद्या गोष्टीचं सूतोवाच करतो. पाठपुरावा करायचा, छडा लावायचा, सोक्षमोक्ष लावायचा, शहानिशा करायची. यातली क्रियापदं बघा : ओढ, पड, निघ, बस, फूट, लाव. दुसरीतल्या पोराला येणारी. तुमच्या वहीत डाव्या बाजूला शब्द, उजव्या बाजूला अर्थ, आणि मधला हा सांधा सगळीकडे कोरा. ऐन वेळी आठवण होणार तरी कशाला धरून?

हे काही माझं संशोधन नाही. मोल्सवर्थ नावाच्या साहेबाने मराठी-इंग्रजी कोश केला. पहिली आवृत्ती १८३१ची, दुसरी १८५७ची, आणि दुसरीत सुमारे साठ हजार शब्द आहेत. त्यात कित्येक नामांच्या पुढे इंग्रजी ‘व्ही’ हे अक्षर छापलेलं असतं आणि मग एकेक क्रियापद : कर, घे, बस, लाव. हे नाम कोणाबरोबर नांदतं, त्याची ती नोंद. साहेब परका होता, म्हणूनच त्याला ही अडचण जाणवली असावी. तुमचीही जात तीच, म्हणून तुम्हाला हा कोश उपयोगी पडेल. अर्थ इंग्रजीत असल्याने तुम्हाला जड जाणार नाही. शिकागो विद्यापीठाच्या संकेतस्थळावर तो फुकट शोधता येतो. दाते-कर्वे यांचा सात खंडांचा महाराष्ट्र शब्दकोशही तिथेच आहे. पण एक अट घालते : कोशात जायचं ते शब्द कुठेतरी भेटल्यावर, पत्ता विचारायला. कोशात बसून शब्द जमवायचे नाहीत.

पाठांतर टिकत नाही याची लाज बाळगू नका. हर्मान एबिंगहाउस या जर्मन मानसशास्त्रज्ञाने निरर्थक अक्षरजोड्या स्वतःच पाठ करून, त्या किती लवकर विसरतात ते मोजलं आणि १८८५मध्ये छापलं. तासाभरात निम्म्याहून जास्त गळून गेलं होतं. संदर्भ नसलेले शब्द त्या अक्षरजोड्यांसारखेच. मधे थोडे दिवस जाऊ देऊन पुन्हा भेटले की ते टिकायला लागतात. पेपर आणि टीव्हीची गंमत इथे आहे. एखादं राजकीय प्रकरण पेटलं की ‘चौकशी’, ‘अहवाल’, ‘ठपका’, ‘क्लीन चिट’ हे शब्द तीन आठवडे रोज तुमच्या दारात येऊन उभे राहतात. उजळणीची एवढी व्यवस्था कुठल्याही क्लासमध्ये होत नाही. ठपका ठेवतात, हे मात्र लिहून घ्या.

म्हणजे बायकोचं बरोबर का? अर्धं. नुसता टीव्ही चालू ठेवून ‘आपोआप’ काही येत नाही, नाहीतर आमच्या शेजारच्या आजोबांचा पोपट एव्हाना अग्रलेख लिहू लागला असता. पण टीव्ही एक गोष्ट देतो जी पेपर जन्मात देऊ शकत नाही : उच्चार. मराठीत ‘च’ दोन प्रकारचा, लिहायला एकच. ‘चार पेंढ्या चारा’ हे मोठ्याने म्हणून बघा. पहिला च तालूवरचा, दुसरा दातांमागचा. हिंदीवर वाढलेली जीभ दोन्हीकडे एकच च लावते, आणि तुम्ही कितीही भारी शब्द वापरलात तरी ऐकणारा तेवढ्यावरून ओळखतो. २ ऑक्टोबर १९७२ला मुंबई दूरदर्शन सुरू झालं. पुढे प्रदीप भिडे, त्याआधी स्मिता पाटील यांच्यासारखी माणसं बातम्या वाचायची. आमच्या घरी वडील बातम्यांच्या वेळी स्वयंपाकघरातली भांडीसुद्धा वाजू देत नसत. त्या पद्धतीचं संथ, सुटं सुटं वाचन आजही सह्याद्रीच्या बातम्यांत ऐकायला मिळतं. तिथून सुरुवात करा. आरडाओरड करणाऱ्या वाहिन्या नंतर.

आणि एक प्रयोग कराच. रात्री एक बातमी लक्ष देऊन ऐका, एकच. सकाळी पेपरात तीच शोधून वाचा. रात्री वार्ताहर म्हणाला, “कोर्टाने सरकारला चांगलंच झापलं.” सकाळी छापून आलं, ‘खंडपीठाने ताशेरे ओढले.’ झापलं आणि ताशेरे ओढले, दोन्ही मराठीच. मित्रांत कोणतं आणि अर्जात कोणतं, हे ज्याला कळतं त्याच्या भाषेला लोक प्रगत म्हणतात. विधिमंडळाचं अधिवेशन चालू असेल तेव्हा तर पर्वणीच असते. तारांकित प्रश्न, लक्षवेधी, औचित्याचा मुद्दा, पुरवणी मागण्या, सभात्याग, तहकुबी हे सगळं डोळ्यांसमोर घडताना दिसतं. ‘सभात्याग’ पाठ करावा लागत नाही, बाकांवरून उठून निघालेली माणसं दिसतात.

टीव्हीने मराठीची वाट लावली, हे तुमचं म्हणणं मी पूर्ण खोडणार नाही. वाहिन्यांवर हिंदीवरून उचललेली वाक्यं सर्रास येतात. ‘प्रकरणात धक्कादायक खुलासा’ ही पट्टी रोज फिरते. मराठीत खुलासा म्हणजे स्पष्टीकरण, तो आरोप झालेल्या माणसाने करायचा असतो. गौप्यस्फोट वेगळा. ‘माझी मदत करा’ असं जाहिरातीतली बाई म्हणते, मराठी माणूस ‘मला मदत करा’ म्हणतो. मराठी कानांना हे खटकतं, तुमच्या कानांना मात्र ते सवयीचं वाटेल, आणि धोका तिथेच आहे. म्हणून तुमच्यासाठी एक उलटी कसोटी देते. टीव्हीवरचं एखादं मराठी वाक्य फारच सोपं, ओळखीचं वाटलं, शब्दाला शब्द ठेवून हिंदीत जसंच्या तसं बसलं, तर त्याच्यावर संशय घ्या आणि बायकोला विचारा. तिचं माहेर कुठलं ते तुम्ही लिहिलं नाही, पण ती हसली नव्हती, हे लिहिलंत. अशी माणसं विचारायला चांगली.

मालिका बघायच्या तर त्यातल्या म्हाताऱ्या माणसांचं आणि भांडणांचं बोलणं ऐका. तरुण नायक-नायिका अर्धं इंग्रजी बोलतात, पण भांडायला लागले की सगळे मराठीत येतात.

कादंबऱ्यांविषयी थोडक्यात. बंद करा. कायमच्या नव्हे, सध्या. न्यूझीलंडचे भाषातज्ज्ञ पॉल नेशन यांनी इंग्रजी शिकणाऱ्यांचा अभ्यास करून एक ढोबळ माप मांडलं : शंभरातले अठ्ठ्याण्णव शब्द ओळखीचे असतील तर उरलेले संदर्भाने उमगतात आणि वाचनाची मजा टिकते. मराठीला ते तंतोतंत लागू होईल असा दावा मी करत नाही, पण निवड करायला माप बरं आहे. पाचशे शब्दांच्या लेखात दहाएक शब्द अडले तर वाचा. तीस अडले तर तो लेख सध्या तुमचा नाही. आणि विषय असा निवडा ज्यातलं तुम्हाला आधीच कळतं. तुम्ही बँकेतले, म्हणून अर्थविषयक पान घ्या. रिझर्व्ह बँकेने काय केलं ते तुम्हाला इंग्रजीत ठाऊक असतं, मराठीत ते ‘पतधोरण’ म्हणून भेटेल. मग ‘पत’ या शब्दाच्या मागे मागे जा. पतपेढी, पतपुरवठा, पतमर्यादा. पुढे गावात गेलात की पत राहते, पत जाते, बाजारात पत आहे म्हणून उधार मिळतं. एका अक्षरजोडीतून तुमची अख्खी नोकरी आणि गावातल्या माणसाची अब्रू, दोन्ही उलगडतात. तुमच्या शाखेच्या भिंतीवर ठेवींच्या विम्याची पाटी असेल, पाच लाखांपर्यंतची. त्या महामंडळाच्या हिंदी नावात ‘निक्षेप’ आहे. निक्षेप म्हणजे ठेव. खातेदाराला मात्र ठेवच म्हणा, पाटीवरचं पाटीवर राहू द्या.

वहीचं काय करायचं? जाळू नका. एका रविवारी चाळा आणि वाचताना ‘हा मी कुठेतरी ऐकलाय’ असं वाटेल तेवढ्यांवर खूण करा. शंभर-दीडशे निघतील. बाकीच्यांना सुट्टी. यापुढे रोज पाच नकोत, आठवड्याला पाच पुरेत, आणि शब्द न लिहिता ज्या वाक्यात भेटला ते अख्खं वाक्य लिहा, कुठे भेटला त्यासकट : ‘पेपर, मंगळवार’ किंवा ‘काउंटर, टोमॅटोवाले काका’. मग तो शब्द आठवडाभरात तीनदा खऱ्या माणसासमोर वापरायचा. चुकला तर चुकला. तिसऱ्यांदा वापरताना तुम्हाला वही आठवणार नाही, टोमॅटोवाले काका आठवतील. दोन आठवड्यांनी मागची पानं उलटायची, पुन्हा महिन्याने. एवढंच.

वयाबद्दल विचारलंत. बत्तीस? मी साठीची आहे आणि वाफशाचा नेमका अर्थ मला पन्नाशीत एका शेतीच्या पुरवणीची मुद्रितं तपासताना कळला. तोवर मी तो वाफेशी काहीतरी संबंधित समजून सोडून देत होते.

आणि इंदूरविषयी जरा ताठ मानेने बोला. तुमच्या पत्रात दोनदा ‘आमची मराठी अशुद्ध’ असं आलं आहे. अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन २००१मध्ये तुमच्या गावात भरलं होतं, विजया राजाध्यक्ष अध्यक्ष होत्या. महाराष्ट्राबाहेर राहून दोन-तीनशे वर्षं घरात मराठी टिकवलेल्या लोकांच्या बोलीला अशुद्ध म्हणायची माझी तरी छाती नाही. तिचे काही शब्द इथे वेगळे वाजतात, एवढंच.

शेवटी त्या साहेबांचं. अजून ते तुमच्या डोक्यातून गेलेले नाहीत, आणि मला वाटतं त्यांना एक पत्र लिहावं. पण त्यांनी तुमच्यासाठी नेमकं काय केलं, ते आधी ठरवा, कारण मराठीत ‘चेष्टे’च्या जागी एक शब्द नाही, रांगच उभी आहे. ‘खटपट केली’ म्हणालात तर त्यांनी कुठेतरी वशिला लावला असं वाटू शकतं. ‘धडपड केली’ हे धाकट्यांना शोभतं, किंवा ज्याला यश आलं नाही त्याला. ‘खस्ता खाल्ल्या’ आईवडिलांसाठी राखून ठेवा. ‘परिश्रम घेतले’ मानपत्रात ठीक, पण त्यात माणूस दिसत नाही. ‘यातायात’ केली असेल, तुमच्या बदलीसाठी विभागीय कार्यालयात हेलपाटे घातले असतील, तर तेही लिहिता येईल, आता अर्थ माहीत आहे. तुम्ही लिहिलंय की ते संध्याकाळी थांबून नव्या मुलांना सातबारा वाचायला शिकवायचे, बोजा कुठे चढवतात, फेरफार कसा बघायचा ते दाखवायचे. त्याला मी ‘झटणं’ म्हणेन. ‘आमच्यासाठी झटलात’, बस.

त्याखाली एक ओळ आणखी घाला : त्या दिवशी मी तुमची चेष्टा केली नव्हती, सर, पण आता करायला शिकलो आहे, चहाला कधी येऊ?